वर्षाच्या मध्येच कॉलेज बदललंय (विज्ञान, दुसरं वर्ष). प्रॅक्टिकलला जोडीदार नाही, ओळखीचं कोणी नाही

अर्धवर्तुळ

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, फिजिक्स आणि केमिस्ट्री. घरच्या अडचणीमुळे आम्हाला ठिकाण बदलावं लागलं आणि वर्ष निम्मं उलटून गेल्यावर मी नव्या कॉलेजात आले. आज तेरावा दिवस.

लेक्चरचं फार काही वाटत नाही. भरलेल्या वर्गात कोण कुठे बसलंय हे कोणी बघत नाही. खरा प्रश्न प्रॅक्टिकलचा आहे. शेवटी आले म्हणून माझा रोल नंबर शेवटचा. बॅच रोल नंबरप्रमाणे, जोड्याही रोल नंबरप्रमाणे. आमच्या बॅचमध्ये आधी बरोबर दहा जोड्या होत्या, मी एकविसावी. सरांनी मला एका जोडीसोबत बसवलं. त्या दोघी पहिल्या वर्षापासून एकत्र आहेत. एक उपकरण लावते, दुसरी रीडिंग घेते, बोलावंही लागत नाही त्यांना. मी टेबलाच्या कडेला उभी राहून त्यांच्या वहीतले आकडे उतरवून घेते. तीन तास. त्या वाईट वागत नाहीत. "लिहिलंस का?" असं विचारतात आणि पान उलटतात.

अभ्यासाची वेगळीच गंमत झालीय, म्हणजे त्रासच. जुन्या कॉलेजात पहिल्या सहामाहीत थर्मोडायनॅमिक्स (उष्णता आणि ऊर्जेचा भाग) झालं. इथे पहिल्या सहामाहीत ऑप्टिक्स (प्रकाशाचा भाग) झालं आणि आता थर्मो सुरू होतंय. एक भाग दोनदा वाट्याला आला, एक भाग एकदाही नाही. आणि प्रॅक्टिकल सध्या ऑप्टिक्सचीच चालू आहेत.

जुन्या मैत्रिणी कशा झाल्या ते आठवतच नाही, त्या होत्याच. आता मुद्दाम मैत्री करायची तर सुरुवात कुठून करायची तेच कळेना. कोणी असं मध्येच आलं होतं का? तुम्ही काय केलंत?

काठावरून

मी पहिल्या वर्षी असाच मध्ये आलो होतो. दोन महिने वाईट गेले, मग सुटलं. तेरा दिवस म्हणजे काहीच नाही गं. सविस्तर रात्री लिहितो.

सरळरेषा

स्पष्टच लिहितो, राग मानू नकोस. कॉलेजात अभ्यासासाठी जातो आपण. दीड वर्ष राहिलंय, मान खाली घालून अभ्यास कर. मित्र पुढे कामाच्या ठिकाणी होतातच.

जर्नलपूर्ण

सरळरेषा, असहमत. कला शाखेचं एक वेळ ठीक, विज्ञानाचा अर्धा अभ्यास एकट्याने होतच नाही. दोलकाची वीस दोलनं मोजायची आणि स्टॉपवॉचही बघायचं, हे एकटी करेल. पण टायट्रेशन करताना, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबाने द्रावण सोडताना, "आला का रंग?" असं विचारायला शेजारी कोणी नसलं की कसं वाटतं ते मला माहीत आहे. फिनॉल्फ्थॅलीनचा तो अगदी फिका गुलाबी, ढवळल्यावरही अर्धा मिनिट टिकणारा रंग. एकटं असलं की आपल्या डोळ्यांवर विश्वास बसत नाही, आणखी एक थेंब सोडतो आणि सगळं गडद होऊन बसतं. मग पुन्हा पिपेटपासून सुरुवात.

अर्धवर्तुळ, एक कोरडं काम आधी उरक. जुन्या कॉलेजचा अभ्यासक्रम, झालेल्या प्रयोगांची यादी आणि अंतर्गत गुण हे सगळं लेखी, सही-शिक्क्यासह मागून घे. माझ्या वेळी नव्या कॉलेजने जुनं जर्नल (प्रयोगवही) ग्राह्यच धरलं नाही आणि मला सात प्रयोग पुन्हा करावे लागले. आधी विचारलं असतं तर निदान सुट्टीच्या दिवसांत करता आले असते.

काठावरून

आलो. तर माझी पहिली चूक ही, की मी सगळ्यांशी एकदम ओळख करायला गेलो. वर्गाच्या ग्रुपवर "हाय, मी नवीन आलोय" असं टाकलं. चार अंगठे आले आणि खाली कोणीतरी असाइनमेंटची तारीख विचारली. त्यात त्यांचं काही चुकलं असं नाही. "मी नवीन आहे" याला उत्तर काय देणार?

मग एके दिवशी खरंच अडलं म्हणून पुढच्या बाकावरच्याला विचारलं, "स्पेक्ट्रोमीटरचं टेबल लेव्हल करताना स्क्रू कोणते फिरवायचे? मला कोणी दाखवलंच नाही." तो उठून आला, लॅबमध्ये नेऊन दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, "जमलं का?" तिथून सुरू झालं. त्यामुळे माझा सल्ला: नेमकं काहीतरी माग. रीडिंग माग, नोट्स माग, जर्नल माग. देणाऱ्यालाही बरं वाटतं.

वजनकाटा

बावीस वर्षं फिजिक्स शिकवतो आहे, त्यातली बरीचशी लॅबमध्ये उभं राहून गेली. काठावरून यांच्या म्हणण्याशी एक सोडून बाकी सहमत. रीडिंग मागू नकोस. वही माग, तक्त्याची मांडणी बघ, कृती समजून घे, पण आकडे तुझे स्वतःचे असू देत. हे मी केवळ नियम म्हणून सांगत नाही. उतरवलेल्या आकड्यांवर व्हायवाला (तोंडी परीक्षेत) एक प्रश्न विचारला की मुलं गप्प होतात आणि आम्हाला लगेच कळतं. शिवाय जी मुलगी फक्त उतरवून घेते, तिची टेबलावर कोणाला गरज पडत नाही. बेटा, तुझी अडचण नेमकी तिथे आहे असं मला वाटतं.

दरवर्षी एक-दोन जण असे मध्ये येतात. मी बघतो. नवं मूल आधी लिहायचं काम घेतं, कारण ते सगळ्यात सुरक्षित. चुकायची भीती नाही, कोणाच्या मध्ये येणं नाही. आणि मग सहामाही संपेपर्यंत ते लिहीतच राहतं. जोडीला सवय होते. तिघांत काम वाटून घ्यायचं तर ते पहिल्या तीन-चार प्रॅक्टिकलांत, पुढे जागा पक्क्या होतात.

तेव्हा पुढच्या वेळी जाताना प्रयोग वाचून जा आणि टेबलाशी पोहोचताच विचार, "आज आयपीसला मी बसू का?" एवढंच वाक्य. डोळा लावून रीडिंग घ्यायची ती जागा माग. उशिरा विचारलंस तर त्यांनी उपकरण लावलेलं असेल. आणि सरांना भेट. बॅच बदलून हवी असेल तर पंधरवड्यात सांग, नंतर गुणांच्या याद्या त्याप्रमाणे तयार होतात आणि शिक्षकाच्या हातात फारसं राहत नाही.

अभ्यासाच्या भोकांबद्दल. पान एकपासून सगळं ऑप्टिक्स भरून काढायला बसू नकोस. कशाला काय लागतं ते बघ. व्यतिकरण (दोन तरंग एकमेकांत मिसळणं) समजायला तरंगांचा कलाफरक, म्हणजे एक तरंग दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे ते, पक्का हवा; विवर्तन (कडेशी प्रकाश वळणं) त्याच्या पुढचं. कलाफरकावर तीन दिवस घालव, बाकीचं निम्म्या वेळात होईल. केमिस्ट्रीत याच्या उलट स्थिती तुझ्या फायद्याची आहे. विद्युतरसायनात सेलचं विभव आणि गिब्ज ऊर्जा यांना जोडणारं जे सूत्र येतं, त्यात फॅरेडेचा स्थिरांक, मोलमागे सुमारे ९६,४८५ कुलोम, सगळे पाठ करतात, पण गिब्ज ऊर्जा (प्रक्रियेतून कामासाठी मिळू शकणारी ऊर्जा) म्हणजे काय हे तुझ्या वर्गात अजून कोणाला नीट शिकवलेलंच नसेल. तुझं ते थर्मोमध्ये झालं आहे.

अर्धवर्तुळ

सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी खरंच लिहायचं कामच धरून बसले होते, आणि वर त्यांनीच मला बाजूला ठेवलंय असं समजत होते.

गुलाबी_छटा

मी दुसऱ्या बाजूने लिहिते, कारण ही बाजू कोणी लिहीत नाही. आमच्या वर्गात मागच्या वर्षी एक मुलगी अशीच मध्ये आली. मी आणि माझी जोडीदार, आमच्याच टेबलावर. आम्ही तिला टाळत नव्हतो, शपथ. आम्हाला वाटलं तिला एकटं राहायलाच आवडतं. प्रॅक्टिकल संपलं की ती सगळ्यांत आधी पिशवी उचलायची, मधल्या सुट्टीत थेट लायब्ररीत. आम्ही एकदा विचारलंही होतं, "येतेस का?" ती म्हणाली, "नको, तुम्ही जा." आम्ही पुन्हा विचारलं नाही, तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून.

वर्ष संपताना, शेवटच्या सबमिशनच्या रांगेत उभं असताना ती म्हणाली, "तुम्ही परत विचाराल असं वाटलं होतं." मला आजही ते आठवलं की कसंतरी होतं. आमचं दोघींचं इतकं घट्ट होतं की तिसरीसाठी वेगळं काही करावं लागतं हे सुचलंच नाही. तुझ्या त्या दोघीही कदाचित अशाच असतील. एकदा विचारलं तर हो म्हण गं, त्या दिवशी मन नसलं तरी.

काठावरून

गुलाबी_छटा, मोठ्या मनाने लिहिलंस.

मनतळ

मी मानसशास्त्राची विद्यार्थिनी. गुलाबी_छटाने जे लिहिलं त्यावर नीट अभ्यास झालेला आहे. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अनोळखी माणसाशी बोलून झाल्यावर 'मी तिला किती आवडले असेन' याचा आपला अंदाज खऱ्यापेक्षा कमी असतो. दोन्ही बाजूंचा. म्हणजे दोघीही घरी जाताना 'आपलं बोलणं तिला काही खास वाटलं नसणार' असं म्हणत जातात. एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये हा फरक कित्येक महिने टिकलेला दिसला.

दुसरं, वेळेचं. त्याच वर्षी जेफ्री हॉल यांचा अभ्यास आला. एकत्र घालवलेले साधारण ५० तास झाले की ओळखीचं रूपांतर वरवरच्या मैत्रीत होतं, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९० च्या आसपास, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. अर्धवर्तुळ, तुझी प्रॅक्टिकलं आठवड्याला दोन असतील, तीन-तीन तासांची, तर आठवड्याचे सहा तास झाले. नुसत्या त्यांवर ५० तास भरायला सुमारे आठ आठवडे लागतात. तू दुसऱ्याच आठवड्यात आहेस, आणि तेही आकडे उतरवत. त्यामुळे 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असा निष्कर्ष इतक्यात काढू नकोस.

मात्र तास एकत्र असूनही मुकाट्याने काढले तर तितका उपयोग होत नाही. हॉल यांच्याच अभ्यासात नुसतं शेजारी बसून काम करण्यापेक्षा मोकळा वेळ आणि गप्पा जास्त महत्त्वाच्या ठरल्या.

सरळरेषा

हे वाचून थोडा विचार केला. आठ आठवडे हा आकडा धीर देणारा आहे. माझ्या आधीच्या प्रतिसादात घाई झाली, ते शब्द मागे घेतो.

उतरता_आलेख

मी इथल्या बहुतेकांच्या वडिलांच्या वयाचा असेन. एक इतिहासातली गोष्ट सांगतो, कारण मला ती फार जवळची वाटते. आइन्स्टाइन यांनी म्युनिकची शाळा डिसेंबर १८९४ मध्ये, वर्षाच्या मध्येच सोडली. पुढच्या वर्षी झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. गणित आणि भौतिकशास्त्र उत्तम, बाकीच्या विषयांत कमी पडले. मग आराऊच्या शाळेत शिकून १८९६ मध्ये पॉलिटेक्निकला प्रवेश मिळाला. तिथे मार्सेल ग्रॉसमन भेटले. ग्रॉसमन तासाला नियमित बसत आणि अतिशय नेटक्या वह्या लिहीत. आइन्स्टाइन बरेच तास चुकवत आणि परीक्षेच्या आधी त्या वह्यांवर अभ्यास करत.

पुढे नोकरी मिळेना तेव्हा ग्रॉसमन यांच्या वडिलांच्या शिफारशीने पेटंट कार्यालयाची वाट मोकळी झाली, १९०२ मध्ये. आणि १९१२ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतासाठी वक्र अवकाशाचं गणित हवं होतं, तेव्हाही आइन्स्टाइन त्यांच्याकडेच गेले. १९०५ चा प्रबंध त्यांनी ग्रॉसमन यांनाच अर्पण केला होता. एका वहीपासून सुरू झालेलं नातं! वजनकाटा सरांचं म्हणणं मान्य, आकडे उसने घेऊ नयेत. पण वही मागायला लाजू नकोस, पोरी.

वजनकाटा

उतरता_आलेख, वही मागण्याला माझी कधीच ना नाही. ग्रॉसमनची गोष्ट उद्या वर्गात सांगेन.

अर्धवर्तुळ

(साडेतीन आठवड्यांनी)

उशिरा लिहितेय. सगळ्यांचे सल्ले एकदम नाही जमले. "आज आयपीसला मी बसू का" हे वाक्य मी दोन प्रॅक्टिकलांत तोंडात घोळवून परत गिळलं. तिसऱ्या वेळी विचारलं. ती पटकन उठली आणि म्हणाली, "बस ना, माझे डोळे दुखतात नाहीतरी." एवढंच. मी महिनाभर ज्याला घाबरत होते ते एवढंच होतं.

मग मागच्या आठवड्यात दोघींपैकी एक आजारी पडली आणि आम्ही दोघीच राहिलो. प्रयोग न्यूटनच्या वलयांचा: सपाट काचेवर भिंग ठेवलं की प्रकाशाची काळी-उजळ वलयं दिसतात, ती मोजायची. अंधारी खोली, सोडियमचा दिवा. तो दिवा लावल्यावर आधी लालसर दिसतो आणि हळूहळू पिवळा होत जातो. त्या सात-आठ मिनिटांत करायला काहीच नसतं. आम्ही अंधारात स्टुलांवर बसलो होतो आणि तिने पहिल्यांदा विचारलं, "तू इथे मध्येच का आलीस?" मी सांगितलं. नेहमी दोन वाक्यांत उरकते, त्या दिवशी पूर्ण सांगितलं. ती काही बोलली नाही, पण दिवा पूर्ण पिवळा झाल्यावर माझ्या निळ्या वहीकडे बोट करून म्हणाली, "बघ, काळी दिसतेय." आम्ही मग खोलीतल्या एकेका वस्तूचा खरा रंग ओळखत बसलो.

प्रयोग फसला. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेने फिरवत डावीकडच्या विसाव्या वलयापासून मधून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत जायचं असतं, उलटा फिरवला की स्क्रूमधली ढिलाई रीडिंगमध्ये शिरते. मी आयपीसला, त्यातली क्रॉसवायर (खुणेची रेघ) एकेका वलयावर आणायला, ती लिहायला. उजवीकडे बाराव्याच्या आसपास मी मोजणी विसरले. बारा की तेरा? बाहेर जावं तशी वलयं इतकी दाटीने येतात की नजर हलली की संपलं. परत फिरता येत नाही. मला इतकं अपराधी वाटलं. ती म्हणाली, "चल, पहिल्यापासून. या वेळी मी मोठ्याने मोजते, तू फक्त क्रॉसवायर आली की 'हं' म्हण." वीस ते शून्य, शून्य ते वीस, पूर्ण एक फेरी, ती मोजतेय आणि मी 'हं' म्हणतेय. लॅबचे काका किल्ल्या घेऊन दारात उभे राहिले, पण घाई केली नाही त्यांनी.

गुलाबी_छटा

वाचताना डोळ्यांत पाणी आलं. आजारी पडलेली परत आल्यावर काय झालं?

अर्धवर्तुळ

त्याचीच धास्ती होती मला. ती सोमवारी आली, आणि हिने तिला सगळं सांगितलं, मोजणीचं आणि रंगांचंही. आता आम्ही मोजणी, आयपीस आणि वही अशी तीन कामं फिरवून घेतो. वर्गात थर्मो सुरू झालंय. एन्ट्रॉपीच्या पहिल्याच तासानंतर दोघींनी माझी जुनी वही मागितली. माझं अक्षर वाचता येईना म्हणून मधल्या सुट्टीत मीच समजावलं. गिब्जपर्यंत पोहोचायला तीन दिवस लागले. आता मागच्या बाकावरचे दोघं पण येऊन बसतात. ऑप्टिक्स मला त्या दोघी शिकवतात; विवर्तन अजून कच्चं आहे.

जर्नलपूर्ण ताई, कार्यालयातून प्रयोगांची यादी शिक्का मारून मिळाली. चार प्रयोग पुन्हा करावे लागणार आहेत.

वजनकाटा सर, एक शंका आहे. आम्ही तिघींनी वलयाच्या व्यासाचा वर्ग आणि वलयाचा क्रमांक यांचा आलेख काढला. रेषा छान सरळ आली, पण मूळबिंदूतून जात नाही, थोडी वरून जाते. एक म्हणते मधला काळा ठिपका शून्यावा धरायचा की पहिला, तिथेच आमचं चुकलं. दुसरी म्हणते भिंगाखाली धूळ असेल. मला दोन्ही पटतंय. सगळं पुन्हा करावं लागेल का?

वजनकाटा

नाही, बेटा. दोघींचंही बरोबर असू शकतं. भिंग आणि काच यांच्यामध्ये धुळीचा कण असला तर सगळ्या वलयांच्या पथफरकात (दोन किरणांच्या मार्गांमधल्या फरकात) तेवढाच फरक पडतो. मोजायला सुरुवात शून्याऐवजी एकपासून केली तरी सगळे क्रमांक एकाने सरकतात. दोन्हींत रेषा वर किंवा खाली सरकते, तिचा चढ बदलत नाही. तरंगलांबी काढायला तुम्हाला चढच लागतो. त्याला भिंगाच्या वक्रता-त्रिज्येच्या चौपटीने भागा. मधलं एखादं वलय गाळलं असतं तर मात्र रेषा तिथे तुटली असती, आणि तुमची सरळ आली आहे म्हणता. उत्तर ५८९ नॅनोमीटरच्या, म्हणजे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, आसपास येतंय का ते बघा.

अर्धवर्तुळ

५९४ आलं सर! दोघींना कळवते. त्या अजून लॅबच्या बाहेरच बसल्यात.